अंगठा कुठे लावू?

खरं सांगा, शेवटची सही तुम्ही काय वाचून केली होती?

माझं मी सांगते. ऑफर लेटरमधलं पगाराचा आकडा असलेलं पान वाचलं, तेही तीनदा. बाकीची सात पानं 'नंतर निवांत वाचू' म्हणून फाइलला लावली. ती अजून निवांतच आहेत. क्रेडिट कार्डाचा फॉर्म बँकेच्या मुलाने भरला, मी त्याने पेन्सिलने केलेल्या फुल्यांवर सह्या ठोकल्या. आणि भाड्याच्या फ्लॅटचा करार? हल्ली तर सहीचाही त्रास नाही. एजंट मशीन घेऊन घरी येतो, आपण बोट टेकवतो, कॅमेऱ्यात बघतो, झालं. 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम,' तो म्हणतो. 'अंगठा कुठे लावू?' आपण म्हणतो.

गंमत बघा. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती अंगठा लावायची. मी चांगली पोस्ट ग्रॅज्युएट आहे आणि मीही अंगठाच लावते! फरक इतकाच, की अंगठा टेकवण्याआधी आजी समोरच्याला विचारायची, 'काय लिवलंय बाबा यात, वाचून दाव जरा.' मी तेवढंही विचारत नाही.

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे माझी एक वकील मैत्रीण. आठवडाभर शिवाजीनगर कोर्टात काळा कोट घालून तारखा करते. शनिवारी झोपते. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मात्र ती कधीच सापडत नाही. सिनेमा नाही, ब्रंच नाही, सिंहगड नाही. आम्हाला वाटलं, नक्की कुणीतरी आहे! शेवटी एकदा खोदून विचारलं तर म्हणाली, "वस्तीत असते गं. कायदा शिकवायला. येतेस?"

आता 'कायदा शिकवायला' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आलं ते फळा, खडू, 'कलम अमुकचं पोटकलम तमुक' आणि जांभया. पण कुतूहल होतं. गेले.

पर्वतीच्या उतारावरची वस्ती. समाजमंदिराचा हॉल, खाली सतरंज्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि सावित्रीबाईंचा फोटो. वेळ दुपारी चारची. का, तर सकाळची धुणीभांडी उरकून बायका घरी आलेल्या असतात आणि संध्याकाळच्या कामांना निघायला अजून तासभर असतो. हो, रविवारीही. पन्नासेक बायका, काहींच्या मांडीवर पोरं, मागे दाराशी चार-पाच रिक्षावाले दादा 'आम्ही सहज उभे आहोत' असा चेहरा करून. आणि वकील किती? सहा. सगळे तिशीच्या आतबाहेरचे, आपल्यासारखेच. जीन्स, कुर्ता, पाठीवर सॅक.

फळा नव्हताच. त्यांच्यातला एक जण उठला, डोक्यावर कुणाची तरी टोपी चढवली आणि पुढच्या रांगेतल्या एका मावशींसमोर जाऊन गुरकावला, "ए बाई, चल चौकीत. साहेबांनी बोलावलंय, शेजारच्या भांडणाचा जबाब द्यायचाय."

मावशी उठून उभ्या राहिल्या. खरंच! पदर सावरून चपला शोधायला लागल्या. सगळा हॉल हसला, मावशीही हसल्या.

मग माझी मैत्रीण म्हणाली, "मावशी, बसा. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बाईला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांनी तुमच्या घरी यायचं. तुम्ही फक्त म्हणायचं, 'साहेब, जबाब देते, पण इथे घरी या.'"

"असं म्हनलं तर मारनार नाय?" मागून एक आवाज.

"घाबरूनच म्हणायचं. पण म्हणायचं."

एकेक करत प्रश्न पुढे सरकले. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येते का? अगदी अपवाद सोडला तर नाही. तो अपवाद असेल तेव्हाही महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. 'ही आमची हद्द नाही, तिकडच्या ठाण्यात जा' असं म्हणून गंभीर गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येते का? नाही. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. हाच तो झीरो एफआयआर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे. एफआयआरची प्रत? फुकट मिळते, तो तक्रारदाराचा हक्क आहे.

मी वहीत लिहून घेत होते. भराभर. शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, "तुमी बी वकील का?" मी म्हटलं, "नाही काकू, मीही शिकायलाच आलेय." त्यांना ते विनयाचं वाटलं. खरं तर तेच सत्य होतं. पन्नास जणींमध्ये या प्रश्नांची उत्तरं माहीत नसलेली एकावन्नावी मी होते.

मग तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. असेल पंचवीस-सव्वीसची. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, ते हापिसात बायकांना कुनी त्रास दिला तर कायदा हाय म्हनतात. आमचं हापिस म्हंजी दुसऱ्याचं घर. तितं कुनाला सांगायचं?"

हॉल एकदम शांत झाला. पोरंसुद्धा गप्प. ती कुणाबद्दल बोलत होती, तिलाच बोलत होती की आणखी कुणासाठी, कुणी विचारलं नाही. माझ्या मैत्रिणीनेही नाही.

ती म्हणाली, "तोच कायदा तुम्हालाही आहे." आणि मग सावकाश सांगितलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यात 'कामाचं ठिकाण' या शब्दात राहतं घरही येतं. घरकाम करणाऱ्या बाईचा उल्लेख तर त्यात वेगळा केलेला आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात त्या कंपनीत अंतर्गत समिती असावी लागते. जिथे तेवढी माणसं नाहीत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहायला मदत करायची, तेही कायद्यातच आहे.

माझ्या ऑफिसात या कायद्याचं ट्रेनिंग दरवर्षी होतं. ऑनलाइन. पंचेचाळीस मिनिटांचं. मी ते एका कोपऱ्यात चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत एक्सेल भरते आणि शेवटी सर्टिफिकेट डाउनलोड करते. तोच कायदा इथे एक बाई श्वास रोखून ऐकत होती. आणि तिचं 'हापिस' म्हणजे माझ्यासारख्या कुणाचं तरी स्वयंपाकघर. मला सतरंजीकडे बघत बसावंसं वाटलं.

सेशन संपल्यावर टपरीवर चहा. मी विचारलंच, "कुणी सांगितलंय तुम्हाला हे?"

"राज्यघटनेने," मैत्रीण म्हणाली. वकिलांचं हे असं असतं!

पण ते खरं आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ३९-अ आलं. पैशाअभावी किंवा दुसऱ्या कुठल्या अडचणीमुळे कुणालाही न्याय नाकारला जाऊ नये, म्हणून सरकारने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असं ते सांगतं. पण मदत आहे हेच माहीत नसेल तर? १९८६ चा सुखदास खटला याच प्रश्नावरचा. अरुणाचल प्रदेशात एका माणसावर वकिलाशिवाय खटला चालला, शिक्षा झाली. सरकारचं म्हणणं असं, की त्याने मोफत वकील मागितलाच नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असा हक्क आहे हे त्याला माहीतच नव्हतं, तर मागेल कसा? सांगणं न्यायाधीशाचं काम होतं. शिक्षा रद्द झाली. न्यायमूर्ती पी. एन. भगवतींच्या त्या निकालात, कायद्याची साक्षरता हा मोफत मदतीच्या चळवळीचा मुख्य भाग आहे, असं बजावलेलं आहे.

त्याआधी तीन वर्षं, १९८३ मध्ये, आपल्या मुंबईतलं प्रकरण होतं. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या पाच जणींनी सांगितलं, की पोलीस कोठडीत आम्हाला मारहाण झाली. बारसेबाईंनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. निकालात न्यायालयाने बरेच आदेश दिले, पण मला त्यातला एक फार आवडला. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक महाराष्ट्र सरकारने मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापावं, प्रत्येक पोलीस कोठडीच्या खोलीत लावावं आणि माणूस आत आला की त्याला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावं. वाचून दाखवावं! म्हणजे माझी आजी जे मागायची, तेच.

कायदा शिकवायची ही वस्तीतली पद्धतही काही आजची नाही. १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी शहरातल्या शाळांमध्ये जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवायला लागले. भाषणं कमी, नाटुकली जास्त. त्याला त्यांनी नाव दिलं 'स्ट्रीट लॉ'. रस्त्यावरचा कायदा. टोपी घालून गुरकावणारा आमचा 'हवालदार' त्याच घराण्यातला. आपल्याकडे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला अमलात आला. तेव्हापासून जिल्ह्याजिल्ह्यात अशी प्राधिकरणं आहेत. मोफत वकील देणं आणि लोकांना कायदा समजावून सांगणं, दोन्ही त्यांची कामं. माझ्या मैत्रिणीचा ग्रुपही तिथल्या लोकांशी संपर्क ठेवूनच फिरतो.

आणि आता कान देऊन ऐका, कारण हे तुमच्यासाठी आहे. या कायद्यानुसार मोफत वकील मिळायला स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अजिबात नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, मुलांना, अपंगांना, औद्योगिक कामगारांना, कोठडीतल्या माणसाला, कुणालाच नाही. म्हणजे हिंजवडीत गलेलठ्ठ पॅकेज घेणारी मुलगीसुद्धा, वेळ आली तर, जिल्हा प्राधिकरणाच्या दारात जाऊन वकील मागू शकते. मी हे ऐकून चहा सांडला.

"मग सगळं छान आहे की," मी म्हटलं.

मैत्रीण हसली नाही. तिने एक गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या काळात तिने एका वस्तीत कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याबद्दल सांगितलं होतं. २००५ चा कायदा. नवऱ्याच्या घरातून बाईला असं हाकलून देता येत नाही, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग घर कुणाच्या का नावावर असेना. ते घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात म्हटलंय. हे सगळं तिने जोशात सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. त्या रात्री एक बाई घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, 'मला काढता येणार नाही तुला, माझा हक्क आहे.' तिचा हात मोडला.

"ती दुसऱ्या दिवशी मला भेटायला आली," मैत्रीण म्हणाली. "प्लास्टर घालून. मला वाटलं, शिव्या देईल. तर म्हणाली, ताई, पुढचं सांगा. आता कुठं जायचं?"

ती केस पुढे दोन वर्षं चालली. बाई आज त्याच घरात राहते. पण तेव्हापासून या ग्रुपने नियम केला. हक्क सांगितला की त्यासोबत तीन गोष्टी सांगितल्याशिवाय उठायचं नाही : हे कुणाजवळ बोलायचं, कधी बोलायचं नाही आणि अंगावर आलं तर कुठे पळायचं. दर वेळी एक वकील सेशन संपल्यावर तासभर थांबतो. मोठ्याने न विचारता येणारे प्रश्न तेव्हा येतात. तिसऱ्या रांगेतली ती मुलगी त्या दिवशी थांबली होती.

"आणि व्हिजिटिंग कार्ड?" मी विचारलं. एवढ्या लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे मार्केटिंगची केवढी संधी, असं माझं कॉर्पोरेट डोकं!

"नाही वाटायची. वकिलाने स्वतःची जाहिरात करून कामं मिळवायची नाहीत, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. केस असेल तर प्राधिकरणाकडे पाठवतो."

"मग तुला यातून मिळतं काय?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कोर्टात माझ्याकडे लोक येतात तेव्हा उशीर झालेला असतो. कोऱ्या कागदावर सही झालेली असते. मुदत गेलेली असते. निम्म्या केसेसमध्ये मी फक्त झालेलं नुकसान मोजत बसते. इथे निदान सही व्हायच्या आधी भेटता येतं."

सही व्हायच्या आधी. मला माझा पहिला फ्लॅट आठवला. आम्ही तिघी, नवीन नोकऱ्या, स्टॅम्प पेपरवर टाइप केलेला अकरा महिन्यांचा करार, रजिस्ट्रेशन नाही. 'कशाला उगाच खर्च' असं मालक म्हणाला, आम्हालाही बरंच वाटलं. सोडताना त्याने रंगकाम, नळ, 'वेअर अँड टेअर' असं काय काय लावून सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. कागदच पक्का नाही म्हणजे आपलीच चूक, असं समजून आम्ही रडत बाहेर पडलो. टपरीवर मी हे सांगितल्यावर मैत्रिणीने कपाळावर हात मारला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची. त्याने केली नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य. वर मालकाला शिक्षेची तरतूद.

म्हणजे जी कमजोर बाजू समजून आम्ही गप्प बसलो, तीच आमची भक्कम बाजू होती! तीन इंजिनीअर, आणि एकीलाही माहीत नाही.

सोमवारी सकाळी आमच्या मावशी कामाला आल्या. सहा वर्षं येतात. मी चहा करून त्यांच्यासमोर बसले आणि वहीतलं सगळं सांगायला लागले. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे, तुमची नोंदणी झालीय का, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "समदं बरं हाय ताई. पर तुमी दिवाळीत गावी जाता तवा माझे आठ दिवस कापता. सुट्टी तुमची, पैसे माझे. त्याचा काय कायदा?"

त्याच्यावर माझ्या वहीत काही नव्हतं. त्याला कायदा लागतही नव्हता म्हणा. या दिवाळीपासून कापत नाही.

मंडळी, हे 'समाजसेवा करा' छापाचं प्रवचन नाही. तुम्ही वकील असाल तर महिन्यातला एक रविवार द्या, मस्त कंपनी असते. नसाल तरी जिल्हा प्राधिकरणाला पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी स्वयंसेवक, लागतात, त्याला कायद्याची डिग्री लागत नाही. तेही जमणार नसेल, तर निदान आपल्या घरात, आपल्या ऑफिसात, आपल्या सहीपुरतं तरी साक्षर होऊ या.

परवा माझ्या सध्याच्या फ्लॅटचा करार रिन्यू झाला. एजंट मशीन घेऊन आला. "मॅडम, स्टँडर्ड फॉरमॅट. अंगठा इथे."

मी म्हटलं, "थांबा. वाचते आधी."

"सगळा?" त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "कुणी वाचत नाही हो मॅडम."

"मी वाचतेय. बसा तुम्ही. चहा टाकते."

पाचव्या पानावर डिपॉझिटचं कलम होतं. परत कधी करायचं, त्याची तारीखच नव्हती. घालून घेतली.

पर्समध्ये ठेवा
• मोफत कायदेशीर मदतीची राष्ट्रीय हेल्पलाइन : १५१००. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टात.
• स्त्रियांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही.
• एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. मागून घ्या.
• भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. त्याची जबाबदारी मालकाची.
• लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत, लेखी. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. हे तुमच्या मावशींनाही सांगा.